बिठूरला मुद्दाम गेलो होतो

काशी-प्रयाग-अयोध्या टूर करून आलेल्या आपल्याकडच्या कुणालाही विचारा, बिठूर बघितलं का, तर उत्तर येतं "ते कुठं आलं?" अहो कानपूरहून गंगेच्या काठाकाठाने वीस-पंचवीस किलोमीटर. शेवटचा पेशवा, दुसरा बाजीराव, तिथे सुमारे 32 वर्षं राहून तिथेच वारला, आणि आपण त्याच रस्त्याने कचोरी खात पुढे जातो.

मी जानेवारीत गेलो ही चूकच झाली म्हणा. कर्कवृत्ताच्या वर तीनेक अंश, त्यामुळे तिथली थंडी आपल्या गुलाबी थंडीसारखी नाही, सकाळी घाटावर धुक्यात पाचवी पायरी दिसत नव्हती. मे-जूनमधे म्हणे लू (भाजून काढणारा गरम वारा) चालते, ती वेगळीच. कोकणातली, नाशकातली, पुण्यातली माणसं या हवेत कशी रमली असतील हाच विचार डोक्यात चालू होता.

बाजीराव दुसरा 1818 च्या जूनमधे कंपनीच्या माल्कम साहेबाच्या स्वाधीन झाला, वर्षाला आठ लाखाचं पेन्शन आणि काशी किंवा दुसऱ्या कुठल्या तीर्थक्षेत्री राहणं, अशी अट. बिठूर म्हणजे ब्रह्मावर्त. ब्रह्मदेवाने यज्ञ केला ती जागा, घाटावर ब्रह्माची खुंटी अजून पुजतात, वाल्मिकींचा आश्रमही इथेच दाखवतात. म्हणजे पेशव्याला तीर्थ मिळालं, आणि कंपनीला? शेजारी कानपूरची छावणी! माझ्या मते सगळी ग्यानबाची मेख इथे आहे. नजर ठेवायला एक इंग्रज कमिशनरही बसवलेला होताच.

आपण "पळपुटा बाजीराव" म्हणून हसतो आणि पान उलटतो. हसा, माझी काही हरकत नाही, पण हिशोब तरी बघा, पुण्यात गादीवर 22 वर्षं (तीही मोडून तोडून), बिठूरला सुमारे 32. तेवढ्यात तिथे गंगेकाठी एक अख्खं मराठी गाव उभं राहिलं. कर्जतजवळच्या वेणगावचा मुलगा 1827 मधे दत्तक गेला, तो नानासाहेब. येवल्याच्या टोप्यांचा पोरगा, म्हणजे तात्या टोपे, तिथेच वाढला. मोरोपंत तांब्यांची मनू, म्हणजे पुढची झाशीची राणी, तिथेच घोड्यावर बसायला शिकली असं सांगतात. शाळेत आपल्याला हे तिघं तीन वेगळ्या धड्यांत भेटतात, एका गावची पोरं म्हणून कोणी शिकवतच नाही!!

1851 च्या जानेवारीत बाजीराव गेला, गव्हर्नर जनरल डलहौसीने पेन्शन बंद केलं, नानांनी दाद मागायला आपला माणूस अजीमुल्ला खान याला लंडनला धाडलं, उपयोग शून्य. पुढचं 1857 चं बंड सगळ्यांना माहितीय. कानपुरात सतीचौरा घाट आणि बीबीघरात इंग्रजांची, बायकामुलांसकट, जी कत्तल झाली ती भयंकरच होती, ते झाकायचं कारण नाही. पण बिठूरवरचा सूडही तसाच. जुलैमधे इंग्रजांनी नानांचा वाडा जाळला, ऑगस्टमधे तिथे लढाई, डिसेंबरात परत येऊन उरलंसुरलं पाडलं आणि विहिरी उपसून सोनं-चांदी काढली.

त्यामुळे आता बघायला वाडा नाहीच. स्मारकाची बाग आहे, नानांचा पुतळा आहे (तिकडे सगळे नानाराव म्हणतात), पडक्या भिंती आणि विहिरी. त्यामानाने अवधच्या नवाबाचा दिवाण टिकैत राय, त्याने बांधलेला लाल दगडाचा पत्थर घाट धडधाकट उभा आहे.

नावाडी म्हातारा होता. मी फोनवर बायकोशी बोलत होतो ते ऐकून म्हणाला, "पूना से हो?" म्हटलं, हो. मग "नानाराव के देस से" असं म्हणत त्याने घासाघीस न करता पन्नास रुपये कमी केले. मी नाशिकचा आहे हे काही मी त्याला सांगितलं नाही.