क्वार्ट्झमधला हायड्रोजन आणि निसटलेले पाणी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. क्वार्ट्झमधल्या हायड्रोजनवरून ज्वालामुखीच्या शिलारसात किती पाणी होते ते कळते, असे मांडणारा माझा लेख इतक्या बारकाईने वाचून आपण आक्षेप नोंदवलेत, याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे : क्वार्ट्झ म्हणजे केवळ सिलिकॉन आणि ऑक्सिजन, तेव्हा मी ज्याला स्फटिकातला हायड्रोजन म्हणतो ते भेगांत मुरलेले पाणीच असणार, जुन्नरजवळ मिळालेल्या आपल्या गारगोटीत तर पाण्यातला बुडबुडा हलताना दिसतो. दुसरे असे, की हायड्रोजन इतका सहज निसटत असेल, तर उरलेल्या आकड्यावरून शिलारसातले पाणी सांगणे म्हणजे गळक्या घागरीवरून विहीर मोजणे होय.

आधी गारगोटीविषयी. आपल्याकडच्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांतले स्फटिक लाव्हा थिजल्यानंतर, खडकातून फिरणाऱ्या गरम पाण्यातून वाढले. वाढताना त्यांत पाणी कोंडले गेले, यात नवल नाही. मी लिहिले होते ते क्वार्ट्झ सिलिकासमृद्ध शिलारसातच, साधारण ७०० ते ८०० अंश सेल्सियसला वाढलेले आहे. खनिज एकच, पण घडण अगदी निराळी.

या क्वार्ट्झमध्ये एखाद्या सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसला की एक धनप्रभार कमी पडतो. ती तूट बहुधा लिथियम किंवा प्रोटॉन (म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला हायड्रोजन) भरून काढतो, आणि प्रोटॉन शेजारच्या ऑक्सिजनला बिलगतो. हे भेगेतले पाणी नव्हे, हे अवरक्त वर्णपटात स्पष्ट दिसते : द्रव पाण्याचे शोषण ३४०० प्रति सेंटिमीटरच्या (म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये इतक्या प्रकाशलहरींच्या) आसपास पसरट टेकाडासारखे उमटते, तर ॲल्युमिनियमशी जोडलेल्या हायड्रोजनची शिखरे अरुंद असतात आणि त्यांतले सर्वांत ठळक ३३७८ च्या जवळ येते. शिवाय ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या, प्रकाशाखाली स्फटिकाची पातळ चकती हळूहळू फिरवत नेली, की प्रकाशाचे कंपन स्फटिकाच्या मुख्य अक्षाला समांतर येताच हे शिखर जवळजवळ मावळते आणि काटकोनात पुन्हा उभे राहते. भेगेतल्या पाण्याला अशी दिशा नसते.

आपला दुसरा आक्षेप मात्र मला बराचसा मान्य आहे, आणि तिथे माझे लिहिणे सैल होते. हंगेरीतील बुक डोंगराच्या पायथ्याच्या प्रदेशातले आणि न्यूझीलंडमधील काहारोआ उद्रेकातले (इ. स. १३१४ च्या सुमाराचा) हवेतून पडून झटकन थंड झालेले स्फटिक तपासले, तेव्हा त्यांत वजनाने दहा लाखांत सरासरी सुमारे ९ भाग पाणी (म्हणजे पाण्याच्या रूपात मोजलेला हायड्रोजन) आढळले. अशा शिलारसात मात्र पाणी काही टक्के असते. झटकन निवालेल्या स्फटिकांत हा आकडा बराच एकसारखा येतो. पण जाड, दीर्घकाळ तप्त राहिलेल्या इग्निंब्राइटमधल्या (ज्वालामुखीच्या तप्त राखेच्या लोंढ्यांतून साचलेल्या खडकातल्या) क्वार्ट्झमधून हायड्रोजन विसरणाने, म्हणजे स्फटिकातून अणू-अणूने सरकत, निघून गेल्याचे दिसले आहे. ॲल्युमिनियम जागचा हलत नाही, हायड्रोजन तेवढा जातो. म्हणूनच दोहोंची तुलना केली की गळती कळते. लाखो वर्षे थंड पडून राहण्याने फारसे बिघडत नाही, कारण विसरणाचा वेग तापमानाबरोबर झपाट्याने घसरतो. खरा धोका असतो तो उद्रेकानंतरच्या उष्ण काळाचा.

हीच गोष्ट स्फटिकात अडकलेल्या काचेच्या, म्हणजे वाढताना कोंडून थिजलेल्या शिलारसाच्या, थेंबांनाही लागू पडते. कॅलिफोर्नियातील बिशप टफ, म्हणजे सुमारे ७,६५,००० वर्षांपूर्वीच्या प्रचंड उद्रेकाचा थर, त्यातल्या क्वार्ट्झमधील अशा थेंबांत साधारण ४ ते ६ टक्के पाणी मोजले गेले आहे. पण असे थेंब ८०० अंशांना काही दिवस ठेवले, तर भोवतालच्या धडधाकट क्वार्ट्झमधूनही त्यांतले पाणी लक्षणीय कमी होते, हे प्रयोगांनी दाखवले आहे. म्हणून नमुना थराच्या कोणत्या भागातला, तो किती वेगाने निवाला, हे सांगितल्याशिवाय आकडा देणे अपुरे आहे, आणि मी नेमके तेच केले होते.

‘क्वार्ट्झमधल्या हायड्रोजनवरून शिलारसातले पाणी थेट कळते’ हे लेखातले वाक्य मी काढले आहे. त्याजागी आता असे आहे : ‘क्वार्ट्झमधला हायड्रोजन आधी स्फटिक कसा निवाला ते सांगतो, शिलारसातल्या पाण्याविषयी त्याला विचारायचे ते त्यानंतर, आणि तेही झटकन थंड झालेल्या स्फटिकांनाच.’