भावा, नाव कशाला वाचतोस?

खिशात रोकड ठेवायची नाही, हे आधी ठरवून टाक. २०१६ साली यूपीआय आलं, तेव्हाच पाकिटाचं तेरावं उरकायला हवं होतं. कोल्हापुरात गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यालास आणि मोबाइल दोन टक्क्यांवर आला, तर मिशीचा फेस न पुसता चार्जर शोधत हिंड. दूधवाला म्हणेल, "ऱ्हाऊ दे, उद्या द्या." ऐकू नकोस. उधारी हा बिनपिनचा, जुनाट व्यवहार.

क्यूआर कोड दिसला की स्कॅन. १९९४ मध्ये जपानात मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला निघालेले हे चौकोन आता रंकाळ्यावर भेळेच्या गाडीला लटकतात. तीस टक्क्यांपर्यंत खराब झाले तरी चालतील, असे ते बनवता येतात. म्हणजे चिंचेचं पाणी उडालं तरी मोबाइलला वाचता येतं. आपल्याला कोरा करकरीत असला तरी येत नाही, ते सोड. कोडावर कोड चिकटवलाय, वरच्याचा कोपरा उचकटलाय, खालून दुसरा डोकावतोय, हे तपासायला तू काय तलाठी आहेस? पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर नाव येतं. गाडीवर मामा उभे आणि नाव भलत्याच बाईचं. असेल सून! दाब पिन. मामांचा स्पीकर गप्प राहिला, तर "रेंज नसंल मामा" म्हणून त्यांची समजूतही तूच काढ.

मी हे पुस्तकी सांगत नाही. जुनं कपाट विकायला काढलं होतं, चार हजारांना. गिऱ्हाइकानं कोड पाठवला. "साहेब, स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा." पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मी दहा जणांना शिकवलंय. पण माणूस इतका गोड बोलत होता, की नाही म्हणणं बरं दिसेना. चार हजार गेले. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला असता, तर पैसे वाटेत अडवायला निदान वाव होता. मी आधी तालमीत गेलो. तिथं प्रत्येकाच्या पाव्हण्याचं असंच झालेलं. ते सगळं ऐकून, वर चहा घेऊन, दुसऱ्या दिवशी फोन लावला.

कपाट अजून घरातच आहे. बायको त्याला आठ हजारांचं कपाट म्हणते. वरच्या खणात, साड्यांच्या घडीखाली, ती आता रोकड ठेवते. किल्ली मला देत नाही.