आपोआप बंद होणाऱ्या वस्तूंची राखण

जी वस्तू आपोआप बंद होते असं छातीठोकपणे सांगितलं जातं, तिच्यापाशी घरातलं एक माणूस कायमचं उभं करावं लागतं. सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरात ते माणूस म्हणजे मी. गॅसवर चहा उकळायचा तेव्हा मी पेपर वाचायचो, दाढी उरकायचो, खालच्या मजल्याशी पाण्याच्या मोटरीवरून भांडायचो. इलेक्ट्रिक किटली आली आणि हे सगळं सुटलं.

किटली आणली मेव्हण्यानं. तो हिंजवडीला असतो आणि येताना बाकरवडीऐवजी वायर असलेलं काहीतरी घेऊन येतो. "दाजी, पाणी उकळलं की खटका आपोआप पडतो. तुम्ही बघायचंसुद्धा नाही."

बरोबर आहे, पण त्यानं आमच्या आईला हिशोबात धरलं नव्हतं. हा खटका वाफेनं पडतो. उकळत्या पाण्याची वाफ आतल्या वाटेनं बटणाजवळच्या एका पातळ चकतीपर्यंत जाते. चकती दोन धातूंची. तापली की एक धातू दुसऱ्यापेक्षा जास्त पसरतो, चकती वाकते आणि वीज तुटते. यासाठी झाकण मात्र बंद पाहिजे. आईच्या मते झाकण लावून उकळायला ठेवणं म्हणजे डोळे मिटून रस्ता ओलांडणं. ती झाकण उघडून आत बघत राहते. वाफ सगळी तिच्या चष्म्यावर, चकतीला पत्ताच नाही, आणि पाणी निम्मं होईस्तोवर खळखळतंय.

"आई, झाकण लाव गं."

"मग उकळलेलं कळणार कसं?"

यावर काय बोलणार? एकदा तिनं किटलीत थेट दूधच ओतलं. दूध वाफेची वाट बघत बसत नाही. वर साय धरते, खालून बुडबुडे तिला उचलतात, आणि चकतीला बातमी लागायच्या आत दूध ओट्यावरून खाली ठिबकायला लागतं. तळाला करपलं ते वेगळंच. ते खरवडताना बायको "तुमची किटली, तुमची किटली" म्हणत होती. भाऊ तिचा, किटली माझी.

इंडक्शनची शेगडीही त्याचीच कृपा. तिला लोहचुंबक चिकटेल असंच भांडं चालतं, म्हणून फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट घेऊन आम्ही अख्ख्या मांडणीची परीक्षा घेतली. चहाचं ॲल्युमिनियमचं पातेलं नापास, पितळी पातेली नापास. पहिल्या नंबरानं पास झाला लोखंडी तवा. शेगडीवर आता भडंगाचा डबा असतो.

मग आली कॉफी फेटायची सेलवरची रवी. आईनं ती हळदीच्या दुधात घातली, बटण दाबलं आणि फेस आला का हे बघायला चालू रवी वर उचलली. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या दिवशी ते भिंतीला, कॅलेंडरला आणि मेव्हण्याच्या पांढऱ्या शर्टालाही मिळालं. बायकोनं घाईघाईनं शर्टाला कपड्याचा साबण चोळला, तर पिवळे ठिपके लालभडक! मेव्हणा घाबरून स्वतःच्या पोटाला जखम शोधायला लागला. आई शांत. "हळदीला चुना लावला की कुंकू होतं. साबणानंही लालच होणार. इंजिनिअरिंगला शिकवत नाहीत होय रे हे?"

एप्रिलात आमच्याकडे पारा चाळिशीला टेकतो. अशाच एका संध्याकाळी मेव्हण्यानं बिअरच्या दोन बाटल्या पेपरात गुंडाळून फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीमागे सरकवल्या आणि मोबाईलवर गजर लावला. "गजर झाला की काढायच्या, दाजी. टेन्शन नाही." मोबाईल हॉलमध्ये चार्जिंगला, आम्ही गच्चीवर. गजर वेळेवर झाला. आईनं तो वेळेवर कापला. "कोण सारखं फोन करतंय काय की, नावच येत नव्हतं."

आम्ही खाली आलो तोवर एका बाटलीचं काम झालेलं. पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे 9 टक्के फुगतं आणि काच काही फुगत नाही. मटारांवर सोनेरी बर्फ चढला होता, वर काचेचा चुरा. दुसरी बाटली धड होती, आत पाणीच दिसत होतं. मेव्हण्यानं देवाचं नाव घेऊन बूच उडवलं. आतला गॅस सुटला मात्र, गळ्यापासून पांढरा धूर उतरावा तशी बिअर वरून खाली गोठत गेली आणि मऊ बर्फाचा कोंब हळूहळू तोंडातून बाहेर यायला लागला. तो बोटानं आत ढकलत असतानाच आई पाणी प्यायला उठली.

"काय फुटलं रे?"

"सरबत, मावशी."

"कसलं?"

"बार्लीचं," मेव्हणा म्हणाला. खोटं बोलला असं म्हणता येणार नाही.

आईचा चेहरा एकदम मऊ झाला. "मुतखड्याचा त्रास आहे होय तुला? आधी नाही का बोलायचं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पातेलंभर बार्ली उकळून, गाळून, तांब्या त्याच्यापुढे ठेवला आणि समोर खुर्ची घेऊन बसली. बिनसाखरेचं, कोमट, चिकट पाणी. अर्ध्यावर त्यानं माझ्याकडे बघितलं.

"दाजी, घोटभर घ्या की."

"त्याला कशाला?" आई म्हणाली. "त्याला मुतखडा नाही."