उसना पांडा: यजमानांसाठी काही सूचना

गेल्या रविवारी मी इथल्या, परदेशातल्या प्राणिसंग्रहालयात पांडाची पाठ पाहून आले. पाठच. पावणेदोन तास रांगेत उभी राहून, प्रवेशाच्या तिकिटावर पांडाचे वेगळे पैसे भरून, साताऱ्याहून आलेल्या आईला आणि सहा वर्षांच्या लेकीला घेऊन. काचेपलीकडे एक भलामोठा काळा-पांढरा ढीग आमच्याकडे पाठ करून बसला होता. बांबूची सालं दोन्ही बाजूंना उडत होती, म्हणजे जेवण चालू असावं. मधूनच डावा कान हलायचा. दोन मिनिटं झाली आणि गणवेशातल्या बाईंनी हात हलवून सगळ्यांना पुढे काढलं. आई म्हणाली, "पंढरपुरात ढकलतात, पण निदान तोंड तरी दिसतं गं."

तेव्हा आता मी या विषयातली जाणकार आहे. ज्या देशांना चीनकडून पांडा आणायचा आहे त्यांच्यासाठी काही सूचना देते. फुकट देते. पांडाच्या धंद्यात फुकट मिळालेली एवढीच गोष्ट जपून ठेवा.

पहिलं म्हणजे, पांडा 'भेट' मिळाला असं म्हणू नका. भेटीचा जमाना गेला. 1972 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन बीजिंगला जाऊन आले आणि लिंग-लिंग, शिंग-शिंग वॉशिंग्टनला पोचले, ती खरी भेट. त्या बदल्यात अमेरिकेने मिल्टन आणि माटिल्डा नावाचे दोन मस्क ऑक्स, म्हणजे बैलासारखी केसाळ जनावरं, पाठवली. आहेराची परतफेड म्हणून स्टीलचा डबा द्यावा तसं. पुढे 1980 च्या दशकात चीनच्या लक्षात आलं की दिलेली वस्तू परत मागता येत नाही, उसनी दिलेली मात्र येते. हल्ली जोडीमागे वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत भाडं पडतं आणि करार साधारण दहा वर्षांचा असतो. पुण्यातले घरमालक अकरा महिन्यांच्या वर करार करत नाहीत, त्यामानाने चीन उदारच म्हणायचा.

पांडा हवा असेल तर शेजाऱ्याच्या भांडणावर नजर ठेवा. 2010 मध्ये चीनच्या तुरुंगात असलेले सरकारविरोधी लेखक ल्यू श्याओबो यांना नॉर्वेतल्या ऑस्लोत शांततेचं नोबेल जाहीर झालं आणि नॉर्वेच्या सालमन माशावर चीनची खप्पा मर्जी झाली. 2011 उजाडताच स्कॉटलंडशी सालमनचा करार झाला आणि त्याच भेटीत एडिंबराला पांडाची जोडीही ठरली. मासे इकडून तिकडे गेले, पांडा तिकडून इकडे आले आणि सगळे खूश झाले. तुरुंगातल्या ल्यूंचं काय, असले प्रश्न पांडा येणार असताना विचारायचे नसतात.

नावांचे अर्थ आधी विचारून घ्या. तैवानला 2008 मध्ये थ्वान थ्वान आणि य्वान य्वान मिळाले. दोन्ही नावं जोडली की शब्द होतो 'पुनर्मीलन'.

घर मोठं बांधा. फिनलंडमधलं एह्तेरी हे काही हजार वस्तीचं गाव. तिथल्या प्राणिसंग्रहालयाने ऐंशी लाख युरोंवर खर्च करून पांडाघर बांधलं. 2018 मध्ये जोडी आली, लुमी आणि प्युरी, म्हणजे बर्फ आणि हिमवादळ. मुक्काम पंधरा वर्षांचा ठरला होता. मग कोविड आला, महागाई आली, कर्जाचे व्याजदर चढले आणि जोडीचा वर्षाचा खर्च पंधरा लाख युरो. सरकारने खांदे उडवले. (करारावर सह्या करताना आणि फोटोला हेच सरकार पुढे होतं, पण ते जाऊ द्या.) नोव्हेंबर 2024 मध्ये पाहुणे परत गेले, कर्ज आणि रिकामं घर गावाकडे राहिलं.

बांबूची सोय बघा. कॅनडात कॅल्गरीला बांबू चीनमधून विमानाने यायचा. 2020 मध्ये विमानंच बंद पडली आणि पांडांना परत पाठवावं लागलं. परसात लावा. काटेरी नको.

आता पिल्लांचं. हे नीट वाचा, कारण मी बाहेरची पाटी वाचून दाखवली तेव्हा आईने दोनदा विचारलं. इथे जन्मलेलं पिल्लू चीनच्या मालकीचं, तीन-चार वर्षांचं झालं की ते तिकडे जाणार. "आणि वाढवायचं कुणी?" आपण. "खर्च?" आपलाच. आईच्या माहेरी शेळ्या अर्धलीने द्यायचे. शेळी एकाची, राखणारा दुसरा, करडं निम्मी-निम्मी. ती पाटीकडे बघत म्हणाली, "आमचा सावकारसुद्धा सगळी करडं नेत नव्हता."

आणि पिल्लू झालंच पाहिजे बरं का. पिल्लाशिवाय गर्दी होत नाही. पांडाची मादी वर्षातून एकदा, जेमतेम दोन-तीन दिवस माजावर येते. तेवढ्यात जमलं तर जमलं. नाही जमलं तर भूल द्या आणि कृत्रिम रेतन करा. नाही राहिलं, पुढच्या वर्षी पुन्हा भूल, पुन्हा रेतन. एडिंबराच्या तियान तियानवर हेच वर्षानुवर्षं चाललं. प्रत्येक उन्हाळ्यात बातम्या यायच्या, राहिलंय की नाही? गावातल्या नव्या सुनेच्या पोटावर नजर ठेवून असलेल्या बायका निदान घरात कुजबुजायच्या, इथे प्रसिद्धिपत्रकं निघायची. पिल्लू झालं नाही. बारा वर्षांनी, डिसेंबर 2023 मध्ये, दोघांना परत पाठवलं. अमेरिकेत मेम्फिसमध्ये या या आणि ले ले वीस वर्षं राहिले. फेब्रुवारी 2023 मध्ये ले ले मेला, आणि केस विरळ झालेल्या, वाळलेल्या या याचे फोटो बघून चीनमधली माणसं खवळली. त्वचेचा आजार आहे, असा खुलासा झाला. मग राष्ट्राची लेक असावी तसं तिला विमानात घालून माघारी नेलं. ती वीस वर्षं तिथेच होती की! लेक असल्याची आठवण अमेरिकेशी बिनसल्यावर बरी झाली!

जपानचंच बघा. 1949 मध्ये टोकियोच्या मुलांनी मागितली म्हणून नेहरूंनी तिथल्या उएनो प्राणिसंग्रहालयाला इंदिरा नावाची हत्तीण पाठवली. भाडं नाही, करार नाही. हे आपण छाती फुगवून सांगतो. पण ती तिथेच राहिली आणि 1983 मध्ये तिथेच मेली. तिलाही कुणी विचारलं नव्हतं. त्याच उएनोत 1972 मध्ये कांग कांग आणि लान लान आले, आणि जानेवारी 2026 मध्ये शाओ शाओ, लेई लेई ही तिथेच जन्मलेली जुळी चीनला गेली. तैवानवरून दोन्ही सरकारांचं वाजलेलं, त्यामुळे नवी जोडी नाही. जपानात आता एकही पांडा नाही. शेवटच्या दिवसांत लोक रडत होते म्हणे. मला त्या लोकांचं हसू येत नाही, राग येतो तो बाकीच्यांचा.

भाड्याचे पैसे संवर्धनासाठी जातात, असं करारात लिहिलेलं असतं. उत्तम. मग पैसेच पाठवा की! चीनच्या चौथ्या गणनेत रानात 1,864 पांडा मोजले. ते सिच्वान, शान्शी, गान्सूच्या डोंगरांत आहेत, तिथल्या बांबूवर जगतात. त्या डोंगरांना पैसे द्या, त्याला कुणाची ना नाही. त्यासाठी दोन जनावरं पिंजऱ्यात घालून हजारो किलोमीटर कशाला न्यायची? कारण डोंगराबरोबर पंतप्रधानांचा फोटो निघत नाही. चिडलात तर निषेधाचा खलिता पाठवा, राजदूत परत बोलवा, काय वाटेल ते करा, तुम्ही माणसं आहात, तुम्हाला तोंड आहे. जनावराच्या आडून कसलं राजकारण करता? आणि समोरच्याने पांडा पाठवला म्हणून ज्यांची जीभ टाळ्याला चिकटते, त्यांनी स्वतःला यजमान म्हणवून घेऊ नये. भाडेकरू आहात तुम्ही.

आणि रांगेतल्या आपण सगळ्यांनीही शहाजोगपणा करू नये. काचेवर टकटक करू नका, अशी पाटी होती, चार भाषांत. माझ्या लेकीने टकटक केली. मी रागावले नाही. तिने दुसऱ्यांदा केली तेव्हाही मी गप्प बसले, कारण पैसे भरले होते आणि मलाही त्याचं तोंड बघायचं होतं. त्याने मान वळवली नाही. का वळवावी त्याने?