आवाज बंद करून बघा, असं का म्हणालो

नमस्कार सर,

फॅन व्हिडिओ, म्हणजे चाहत्यांनी आवडत्या सिनेमाचे तुकडे गाण्यावर जोडून केलेले व्हिडिओ, आवाज बंद करून एकेक फ्रेम बघा, असं मी लिहिलं. त्यावर तुम्ही म्हणता:

‘दुसऱ्यांचे फॅन व्हिडिओ फ्रेम-फ्रेम करून बघायला लावता, म्हणजे पोरांना नकलाच शिकवता. सिनेमा दुसऱ्याचा, गाणं दुसऱ्याचं, आता कटही दुसऱ्याचेच?’ तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण शेवटचा टोला आवडला.

कट ढापा, असं मी कुठं लिहिलंय? कट, म्हणजे एक शॉट संपून दुसरा सुरू होण्याची जागा, तिथंच का पडला ते हुडका, एवढंच म्हणणं आहे. मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं घ्या. अर्ध्या सेकंदाला एक ठोका, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेम (चित्रं) असलेल्या व्हिडिओत दर १२ फ्रेमला. नवखा पोरगा प्रत्येक ठोक्यावर कात्री चालवतो आणि थोड्याच वेळात बघणारा कंटाळतो. मुरलेला एडिटर बऱ्याचदा ठोक्याच्या जरा आधीच कट घेतो, आणि शॉटमधल्या माणसाची मान वळते ती बरोबर ठोक्यावर! कट लक्षातही येत नाही, ताल मात्र डोळ्यांना दिसतो. एरवी गाण्याच्या नादात हे निसटतं. म्हणून आवाज बंद करायचा आणि बाणाचं बटण दाबत एकेक फ्रेम पुढं सरकायचं. बरं, कटाचं गुपित सापडलं तरी तो कट आपल्या व्हिडिओत तसाच्या तसा बसत नाही. आपल्या हिरोची मान वेगळ्याच फ्रेमला वळते. तिथं आपलंच डोकं चालवावं लागतं.

हे रीलच्या जमान्यातलं खूळही नाही. १९७५ मध्ये कँडी फाँग या अमेरिकन चाहतीनं ‘स्टार ट्रेक’ या टीव्ही मालिकेच्या स्लाइड गाण्यासोबत दाखवल्या. पुढं अशाच चाहत्या बायकांनी दोन-दोन व्हीसीआर (व्हिडिओ टेप चालवायची-भरायची यंत्रं) जोडून हेच टेपवर केलं, एकमेकींचं काम बघत हात बसवला.

आणि सर, सांगलीत राहून हे विचारताय? कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे नाट्यखेळ इथं झाले, ते बघून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसं काही मराठीत करायला सांगितलं आणि १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ हे नाटक उभं राहिलं. कथा रामायणातली, म्हणजे तीही उसनीच. भाव्यांना नकल्या म्हणायची आपल्या गावात कुणाची छाती आहे?

हक्कांचा मुद्दा मात्र वेगळा आणि रास्त आहे. ‘फॅन व्हिडिओ’ असं लिहिलं की कायद्यानं सूट मिळते, हा गैरसमज पोरांमध्ये फार आहे. यूट्यूबची कंटेंट आयडी ही तपासणी यंत्रणा गाणं ओळखते, मग व्हिडिओ अडवायचा की त्यावरच्या जाहिरातींचे पैसे घ्यायचे, हे गाण्याचा मालक ठरवतो. सरावाचे व्हिडिओ आपल्या कॉम्प्युटरवरच ठेवा, असं मी त्यांना सांगतो. ऐकतात थोडेच!