मुलाखत घेणाऱ्याचे हाल

मुलाखत देणाऱ्याच्या हालांवर सगळेच लिहितात, घेणाऱ्याचं कुणाला काही पडलेलं नसतं. मी हिंजवडीतल्या एका बड्या कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दर गुरुवारी जेवण झाल्या झाल्या, डोळ्यांवर पेंग असताना, मला कुणाच्या तरी अकलेचं माप काढायला बसवतात. नाही म्हणायची सोय नाही. प्रमोशनच्या फॉर्मात 'हायरिंगमधलं योगदान' असा रकाना आहे.

माझा ठरलेला प्रश्न एलआरयू कॅशेचा, म्हणजे माहिती हाताशी ठेवायच्या छोट्या कप्प्याचा. जागा मोजकी, नवं काही आलं की जे सर्वांत जास्त काळ वापरलं नाही ते बाहेर काढायचं. हॅशमॅप आणि डबली लिंक्ड लिस्ट या माहिती मांडायच्या दोन पद्धतींची जोडी जमली की झालं. प्रश्न चांगलाच आहे, फक्त आमच्या घरातल्या माळ्याला लागू पडत नाही. तिथे वीस वर्षं न वापरलेला स्टोव्ह सुखरूप असतो आणि परवापर्यंत अंगावर असलेल्या माझ्या टी-शर्टाने आई फरशी पुसत असते.

हे सगळं समोरच्याने ४५ मिनिटांत, एकही चूक न करता लिहायचं. बायनरी सर्च, म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीत मधोमध बघून दरवेळी निम्मी यादी बाद करत शोधणं, तर झोपेतून उठवलं तरी यायला हवा. आता, खुद्द जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या तयार कोडच्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये एक बग नऊएक वर्षं सुखाने नांदत होता. तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ साली ते जाहीर केलं. मधली जागा काढायला दोन टोकांची बेरीज करून निम्मी करायची, पण ॲरे, म्हणजे ती यादी, अवाढव्य असली की ती बेरीज इंटमध्ये, म्हणजे आकड्यासाठी राखलेल्या ठरावीक जागेत, मावत नाही आणि चक्क उणे होते. आमच्या फॉर्मात ब्लॉकसाहेबांना 'एज केसेस (टोकाच्या शक्यता) कच्च्या' असा शेरा बसला असता.

एके काळी मुलाखतीत विमानात गोल्फचे चेंडू किती मावतील, असली कोडी घालायची फॅशन होती. गूगलमध्ये माणसं नेमण्याचा कारभार बघणाऱ्या लॅझ्लो बॉक यांनी २०१३ मध्ये सांगून टाकलं की त्यावरून काहीच कळत नाही. विचारणाऱ्याला आपण हुशार आहोत असं वाटतं, एवढंच. एवढंच? अहो, दिवसभरात ते दुसरीकडे कुठे वाटतं? गेल्या गुरुवारी सकाळी मी एका बटणावरचं 'सबमिट' काढून 'सेंड' केलं होतं. लीगलची संमती आली, ट्रान्सलेशनवाल्यांची आली, आणि कोड रिव्ह्यूत कॅलिफोर्नियाहून शेरा आला: 'एक स्पेस जास्त आहे.' बटण अजून 'सबमिट'च होतं.

दुपारी स्क्रीनवर एक चुणचुणीत मुलगा आला. उत्तरं अस्खलित, पण नजर सारखी डावीकडे. 'हं, जरा विचार करतो' हेसुद्धा वाचून म्हणत असावा. डावीकडे कोणता चॅटबॉट बसला असेल याचा मी अंदाज बांधत होतो, तेवढ्यात मागे कुकरची शिट्टी झाली आणि आतून आवाज आला, "अरे, तिसरी का रे ही?"

"चौथी!" पोरगा कुठेही न बघता म्हणाला.

बरोबर होतं. मीही मोजत होतो. अख्ख्या मुलाखतीतलं हे एकच उत्तर त्याचं स्वतःचं होतं, पण त्याला फॉर्मात रकाना नाही. 'काउंटिंग'चे मार्क द्यावेत का, यावर मी बराच वेळ घालवला.

शेवटी रिवाजाप्रमाणे विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय?"

"सर, तुमचं रोजचं काम काय असतं?"

मी खुर्चीत सावरून बसलो. लाखो युजर्स, स्केल, अनेक टीम्सशी समन्वय असं काहीबाही बोललो. बटणाचं नाव काढलं नाही. तो मान डोलावत ऐकत होता, पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघून.

"आणि सर, नोटीस पिरियड किती?"

"नव्वद दिवस."

हे मात्र त्याने वहीत लिहून घेतलं.