कोपरखळी

आयुष्यात जी गोष्ट मी एका रात्रीचाही खाडा न करता केली, ती मी स्वतः कधीच ऐकलेली नव्हती. घोरण्याचं हेच विचित्र आहे. मैफलीला घरातले, शेजारचे, वरच्या मजल्यावरचे सगळे जागे असतात. झोपलेला असतो तो एकटा गवई.

त्यामुळे आरोप झाला की मी पुरावा मागायचो. बायकोची साक्ष मी ग्राह्य धरत नव्हतो, कारण फिर्यादीही तीच होती. साडू एकदा मुक्कामाला आले आणि पहाटे पाचला ‘एक काम आठवलं’ म्हणून निघून गेले. त्यांच्या कामसूपणाचं मी चारचौघांत कौतुक करत असे. रेल्वेत सकाळी जाग आली की समोरच्या बाकावरचं अख्खं कुटुंब माझ्याकडे टक लावून बघत असायचं. मला वाटायचं, आपला चेहरा कोणा नटासारखा असणार.

घरी रात्रीचा कार्यक्रम ठरलेला होता. दोनच्या सुमारास बरगडीत कोपर बसायचं आणि अंधारातून आवाज यायचा, “ए, वळ!” दिवसभर मला ‘अहो’ म्हणणारी बाई रात्री दोनला थेट ‘ए’वर येते, हा भाषेच्या अभ्यासकांनी टिपून ठेवावा असा मुद्दा आहे. कोपरखळी म्हणजे थट्टेतला टोमणा असं शाळेत शिकवलं होतं. आमच्या घरात त्या शब्दाचा मूळ अर्थ अजून वापरात होता. मी मुकाट्याने वळायचो. हिची झोप फार सावध आणि शिक्षा मात्र मला, असं मनात म्हणायचो आणि पुन्हा कामाला लागायचो.

शेवटी मुलीने फोनवर रेकॉर्डिंग केलं आणि रविवारी सकाळी सगळ्यांसमोर लावलं. सुरुवात मला तरी बरीच सोज्वळ वाटली. आधी रंधा मारल्यासारखा आवाज, मग किक बसत नसलेल्या स्कूटरसारखा, मग फरशीवरून टेबल ओढत नेल्यासारखा. मी म्हणालो, “एवढंच?” तेवढ्यात आवाज बंद झाला. पूर्ण शांतता. “बघा,” मी विजयी मुद्रेने म्हणालो, “थांबलो की नाही? आणि तुम्ही म्हणता रात्रभर!”

कोणी हसलं नाही. मुलगी फोनकडे बघत होती. बायको भिंतीकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती. फोनमधली शांतता काही संपेना. मला उगाचच आपला आत्ताचा श्वास तरी चालू आहे ना, हे तपासून बघावंसं वाटलं. मग विहिरीच्या तळातून कोणीतरी एकदम वर यावं तसा एक भयंकर फुत्कार आला, अंथरुणात काहीतरी आदळलं आणि रंधा पुन्हा सुरू झाला.

“हा मी?” मी विचारलं.

“हे दर दीड-दोन मिनिटांनी तुम्ही,” बायको म्हणाली.

बातमी नातेवाइकांत पसरली आणि सल्ले सुरू झाले. घोरण्यातलं आपल्याला काही कळत नाही, असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. एकाने सांगितलं, सदऱ्याच्या पाठीला खिसा शिवा आणि त्यात टेनिसचा चेंडू घाला, म्हणजे उताणं होता येत नाही. युक्ती काही अगदीच खोटी नाही. उताणं झोपलं की जीभ मागे घसरते, आणि काही जणांचं घोरणं नुसतं कुशीवर झोपूनही बरंच कमी होतं. मी चेंडूवर उताणा झोपलो. सकाळी पाठीत खळगा पडलेला होता. नाकावर चिकटवायच्या पट्ट्या आणल्या. त्या रात्री नाकावर असायच्या आणि सकाळी कपाळावर सापडायच्या.

सगळ्यांवर कडी केली ती भाच्याने. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं दिजरीडू नावाचं लांबलचक नळकांड्यासारखं वाद्य असतं. ते नेमाने वाजवलं की घशाचे स्नायू घट्ट होतात, घोरणं आणि दिवसाची पेंग कमी होते, असं म्हणाला. मला वाटलं टिंगल करतोय. पण २००६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तसा अभ्यास खरोखरच छापून आला होता, आणि २०१७ साली त्याला गमतीदार संशोधनासाठी देतात तो इग्नोबेल पुरस्कारही मिळाला. कोणत्या विभागात? शांतता. बायकोने हिशेब केला: दिवसा ते वाद्य, रात्री मी. प्रस्ताव फेटाळला गेला.

मग डॉक्टर. त्यांनी नाडीच्या आधी माझ्या गळ्याला टेप लावली. गळ्याचा घेर चाळीस सेंटिमीटरच्या पुढे गेला की यांच्या भुवया वर जातात. माझा चव्वेचाळीस निघाला. मग म्हणाले, “तोंड उघडा, जीभ बाहेर काढा, आ म्हणू नका.” घशाच्या मागची पडजीभ कितपत दिसते त्यावरून मल्लमपती नावाच्या भूलतज्ज्ञाच्या पद्धतीने रुग्णाचे चार वर्ग पाडतात. माझी पडजीभ दिसतच नव्हती. चौथा वर्ग, सर्वांत वरचा. शाळेत जे जमलं नाही ते इथे नुसत्या आ वासण्याने जमलं.

नंतर त्यांनी एक कागद पुढे केला. एपवर्थ नावाची ही प्रश्नपत्रिका ऑस्ट्रेलियात १९९१ साली निघाली. आठ प्रश्न, प्रत्येकी शून्य ते तीन गुण, आणि दहाच्या वर गेलात की काळजीचं. बसून वाचताना पेंग येते का? टीव्ही बघताना? सभेत? दुसऱ्याच्या गाडीत तासभर बसल्यावर? मी प्रामाणिकपणे सोडवली आणि नऊ आले. बायकोने कागद ओढून घेतला. ‘कोणाशी बसून बोलत असताना’ या प्रश्नापुढे मी शून्य लिहिलं होतं. तिने ते खोडून तीन केलं.

“मी कधी बोलताना झोपलो?”

“बोलताना नाही,” ती डॉक्टरांना म्हणाली, “ऐकताना.”

फेरतपासणीत एकोणीस झाले. गाडी चालवताना डोळा लागतो का, हे मात्र डॉक्टरांनी तोंडी विचारलं आणि विचारताना ते हसत नव्हते. एकदा सिग्नलला मागच्याने हॉर्न वाजवला तेव्हा मी जागा झालो होतो, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नव्हतं. तिथे सांगितलं. गाडीची किल्ली त्याच मिनिटाला बायकोच्या पर्समध्ये गेली.

झोपेच्या तपासणीला संध्याकाळी आपली उशी घेऊन जायचं असतं. लग्नाला करतात त्याहून जास्त वेळ खर्चून एका मुलाने मला सजवलं. डोक्यावर चिकट पेस्ट लावून तारा, डोळ्यांच्या कडेला तारा, हनुवटीला आणि नडग्यांना तारा, छातीला एक पट्टा, पोटाला एक, नाकाखाली नळी, बोटाला लाल दिव्याचा चिमटा, आणि गळ्यावर खास घोरणं ऐकायला एक इवलासा मायक्रोफोन. वर कोपऱ्यात कॅमेरा. एवढं झाल्यावर तो म्हणाला, “आता घरच्यासारखं झोपा.” घरच्यासारखं म्हणजे कोपर कोण मारणार, हे विचारायचं राहून गेलं.

लघवीला जायचं तर हवेत हाक मारायची. मग तो येऊन तारांचा डबा भिंतीवरून काढणार आणि माझ्या गळ्यात अडकवणार. तीनदा गेलो. मूत्राशय म्हातारं झालं म्हणून मी वर्षानुवर्षं त्याला बोल लावत होतो. नंतर कळलं की बंद घशातून हवा ओढताना छातीत जो ताण पडतो त्याने हृदय फसतं, शरीरात पाणी जास्त झालंय असं समजून मूत्रपिंडांना निरोप धाडतं. मूत्राशय निर्दोष होतं.

सकाळी मी ठामपणे सांगितलं, डोळ्याला डोळा लागला नाही. तो मुलगा म्हणाला, “सहा तास झोपलात.” आणि माझ्याकडे बघण्याचं टाळून तारा गुंडाळू लागला.

रिपोर्टात पहिलाच आकडा होता ४७. श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबला की एक धरतात, अर्धवट अडून प्राणवायू घसरला तरी धरतात, आणि त्याची ताशी सरासरी काढतात. पाचच्या आत ठीक. तीसच्या पुढे तीव्र. सहा तासांत म्हणजे पावणेतीनशेच्या वर. डॉक्टरांनी समजावलं. घशाच्या त्या भागाला हाडाचा आधार नसतो, स्नायूंनीच तो उघडा धरलेला असतो. झोपेत स्नायू सैलावतात, माझा घसा मिटतो. छाती ओढत राहते, हवा येत नाही, रक्तातला प्राणवायू खाली जातो (माझा ७४ टक्क्यांपर्यंत गेला होता), मग मेंदू घाबरून क्षणभर जागा होतो, घसा उघडतो, फुत्कार. आणि हे सगळं मालकाला न कळवता. सकाळची डोकेदुखी, कोरडं तोंड, चढलेला रक्तदाब, सगळी याचीच पिलावळ. सहा महिने झोपूनही ज्याची झोप पुरत नव्हती त्या कुंभकर्णाभोवती एवढे ढोल-नगारे बडवले. त्यापेक्षा कोणीतरी त्याच्या गळ्याला टेप लावायला हवी होती.

मी माझी बाजू मांडायच्या तयारीत होतो, तेवढ्यात बायकोने रिपोर्ट वाचता वाचता एका ओळीवर बोट ठेवलं. सर्वांत लांब थांबलेला श्वास: ६१ सेकंद.

“एकसष्ट?” ती म्हणाली. “घरी मी वीसच्या पुढे जाऊ देत नाही.”

डॉक्टर काही बोलले नाहीत. मीही नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं की माझ्या आवाजाने तिची झोप मोडते. आवाज चालू असला की ती झोपायची. तो थांबला की तिला जाग यायची.

उपाय बरेच होते. वजन उतरवायचं हे तर होतंच. ते मी तत्त्वतः मान्य केलं. खालचा जबडा पुढे ओढून धरणारं दातांत बसवायचं साधन होतं, शस्त्रक्रियाही होत्या. पण माझ्या आकड्याला डॉक्टरांनी सीपॅपच सांगितलं, म्हणजे नाकावाटे हवेचा सतत दाब देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र. १९८१ साली ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी ते जगापुढे मांडलं. सुरुवातीच्या यंत्रात व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरली होती म्हणे. त्याआधी तीव्र आजाराला गळ्याला भोक पाडण्याचाच उपाय असे. हे ऐकल्यावर मी मास्कबद्दलची कुरकुर जागच्या जागी गिळली.

पहिल्या रात्री आरशात बघितलं. समुद्रात बुडी मारायला निघालेला आणि वाटेत गादी दिसली म्हणून आडवा झालेला पाणबुड्या. यंत्र सुरू केलं आणि सवयीने “बरं का गं” म्हणायला तोंड उघडलं. नाकातून शिरलेली हवा तोंडातून अशी सुसाट सुटली की वाक्याऐवजी नुसता भोंगा वाजला. नाकाच्या मास्कला तोंड मिटून ठेवावं लागतं. लग्नानंतर इतक्या वर्षांनी मला ते यंत्राने शिकवलं. मग मिशांचा प्रश्न आला. मिशांमधून हवा गळते, आणि गळकी हवा थेट डोळ्यात जाते. चार रात्री वाटाघाटी झाल्या, पाचव्या दिवशी मिशा गेल्या. थंडीत नळीत वाफेचं पाणी साठतं आणि पहाटे थेंब थेंब नाकावर पडतं. दोनदा मास्क काढून उशीखाली लपवला. पण यंत्र पक्कं चुगलखोर आहे. किती तास लावलं, किती गळलं, सगळं नोंदवून ठेवतं आणि डॉक्टरांना दाखवतं.

दुसऱ्या आठवड्यात मला एक स्वप्न पडलं. विशेष काही नाही, मी एका जिन्यावर उभा होतो. पण ते इतकं लांबलचक आणि रंगीत होतं की सकाळी मी ते तिघांना सांगितलं. किती वर्षांनी! स्वप्नांच्याच झोपेत स्नायू सर्वांत सैल पडतात, म्हणजे माझ्या जिन्यावर दर वेळी अर्ध्यात कोणीतरी दिवा घालवत होतं. दुपारच्या सभांना मी आता जागा असतो, आणि त्या किती कंटाळवाण्या असतात ते पहिल्यांदाच कळतंय. आपण आळशी नसून आजारी होतो, अशीही एक आशा होती. ती टिकली नाही. झोप पुरी झाल्यावरही आळस जागच्या जागी निघाला, फक्त सबब गेली.

यंत्र रोज सकाळी आकडा दाखवतं. कालचा १.९ होता. मी तो बायकोला मोठ्याने वाचून दाखवतो. सुरुवातीचा महिनाभर ती मात्र पार विस्कटली होती. रंधा नाही, स्कूटर नाही, नुसती हवेची बारीक सळसळ. रात्री सहज डोळा उघडला तर ती कोपरावर रेलून माझ्या छातीकडे बघत असलेली दिसायची. “झोप ना,” असं मी मास्कमधून म्हणायचो आणि भोंगा वाजायचा. हळूहळू तिला त्या सळसळीची सवय झाली.

परवा रात्री वीज गेली. यंत्र बंद पडलं तेव्हा मी मास्क कधी ओरबाडून काढला आणि कधी उताणा पसरलो, मला पत्ता नाही. पत्ता लागला तो बरगडीत कोपर बसल्यावर.

“ए, वळ! दिवे गेलेत.”

मी वळलो. अंधारात जरा वेळाने विचारलं, “किती झाले होते?”

“अठरा,” ती म्हणाली, आणि लगेच झोपलीसुद्धा.